पोलिसी कागदात कर्ता हरवू देऊ नका

प्रश्न असा आहे: "मी इंदूरची, घरात मराठी. आता प्रशिक्षणार्थी उपनिरीक्षक आहे. मी लिहिलेले रिपोर्ट, साक्षीदारांची कथनं, जप्ती पत्रकं खुणा होऊन परत येतात. कधी शेरा असतो 'भाषा सुधारें', कधी नुसताच 'अस्पष्ट'. आधी हिंदी व्याकरण पक्कं करू की कायदा?"

ताई, हे दोन शेरे वेगळे वाटले तरी बहुतेक वेळा चूक एकच असते. ऱ्हस्व-दीर्घ चुकल्याने सहसा खटला पडत नाही. वाक्यातून कर्ता निसटला तर मात्र पडू शकतो. आज तुमचा कागद ठाण्यातली माणसं वाचतात. त्यांना प्रकरण माहीत असतं, म्हणून अर्धं वाक्यही त्यांना पुरतं. तोच कागद काही वर्षांनी बचाव पक्षाचे वकील ओळीओळीने वाचतात, आणि तेव्हा तुम्ही साक्षीदाराच्या कठड्यात उभ्या असता. त्या दिवशी प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारले जातात: हे कोणी केलं, कुठे केलं, किती वाजता केलं, आणि लिहिणाऱ्याला हे कसं कळलं? या चारांपैकी एकाचंही उत्तर धूसर करणारी व्याकरणाची चूक आधी सुधारा. बाकीच्या चुकांना सवड आहे.

रोज लिहिलं जाणारं एक वाक्य घेऊ: "गश्त के दौरान मुखबिर की सूचना पर घेराबंदी कर पकड़ा जाकर तलाशी ली जाने पर कमर में चाकू मिलना पाया गया।" यात सूचना मिळणं, घेरणं, पकडणं, झडती घेणं, चाकू सापडणं अशा पाच क्रिया आहेत आणि कर्ता एकही नाही. सूचना कोणाला मिळाली? पकडलं कोणी? झडती कोणी घेतली? कोणाच्या कमरेला, कुठल्या बाजूला? आरक्षक (शिपाई) साक्षीत म्हणतो झडती मी घेतली, तुम्ही म्हणता मी घेतली, आणि कागद दोघांपैकी कोणाच्याच बाजूने बोलत नाही.

तेच असं लिहा: "21:40 बजे मुझे मुखबिर से सूचना मिली। मैं आरक्षक (नाम, नंबर) के साथ 21:55 पर मौके पर पहुंची। आरक्षक ने उस व्यक्ति को पकड़ा। मैंने दोनों पंचों के सामने उसकी तलाशी ली। उसकी पैंट में, कमर के दाहिनी ओर, एक चाकू खोंसा हुआ मिला।" पाच वाक्यं, प्रत्येकात एक क्रिया आणि प्रत्येक क्रियेला धनी. 'जाकर', 'किया जाना पाया गया', 'होने से' अशी शेपटं लावली की मजकूर सरकारी वाटतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांनी जबाबदारी पुसली जाते. ती काढून टाका. तुमच्या वरिष्ठांना सुरुवातीला ही भाषा साधी वाटेल. सरकारी वकिलांना ती आवडेल.

'करते हुए', 'करते समय' यांच्याकडेही लक्ष ठेवा. "गश्त करते हुए एक युवक भागता दिखा" असं लिहिलं की गस्त तो युवक घालत होता असा अर्थ निघतो. मराठीतही "गस्त घालत असता इसम पळताना दिसला" हे तितकंच लंगडं वाक्य आहे. "हम गश्त कर रहे थे। मैंने एक युवक को भागते देखा।" असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

आता घरात मराठी असलेल्यांच्या हातून हिंदीत ज्या चुका हमखास होतात, त्या. यातल्या काही निव्वळ कानाला खटकतात, काही तपास भलतीकडे नेतात.

सर्वांत घातक 'व्यक्ती'. मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी आहे, मग ती पुरुष असो वा बाई: अनोळखी व्यक्ती आली, पळाली. हिंदीत 'व्यक्ति' पुल्लिंगी. तुम्ही सवयीने "एक अज्ञात व्यक्ति आई और बैग लेकर भागी" लिहिलंत, तर हिंदी वाचणारा बाई शोधायला लागेल आणि पुढे पकडला जाईल पुरुष. वर्णनात हा शब्दच टाळा. पुरुष, स्त्री, लड़का यांपैकी जे असेल ते लिहा.

दुसरं सर्वनाम. मराठीत तो आणि ती वेगळे असतात, त्यामुळे सर्वनामावर भार टाकायची आपल्याला सवय असते. हिंदीत 'वह' दोघांनाही, 'उसने' दोघांनाही. त्यातून 'ने' आलं की क्रियापद कर्माच्या लिंगाने चालतं: "उसने लाठी मारी" यात 'मारी' लाठीमुळे आलं, मारणारा पुरुष की बाई ते कळत नाही. नवरा, बायको, सासू, दीर असे चौघे असलेल्या भांडणाच्या रिपोर्टमध्ये "उसने उसको मारा तो उसने बीच-बचाव किया" हे वाक्य कोणाच्याही विरुद्ध पुरावा नाही. दर वाक्यात नाव पुन्हा लिहा. शाळेत पुनरुक्ती हा दोष होता. इथे तोच गुण आहे.

मग 'ने'. मराठीत मी आणि तू यांना 'ने' लागत नाही, म्हणून "मैं देखा", "मैं पूछा" लिहिलं जातं. हवं "मैंने देखा", "मैंने पूछा". उलट "मी आरोपीला आणलं" याच्या वळणावर "मैंने आरोपी को थाने लाया" होतं, आणि 'लाना' हिंदीत 'ने' घेत नाही: "मैं आरोपी को थाने लाया", तुमच्या बाबतीत "लाई". काही लिंगं पाठच करून टाका: दुकान खुली थी, आवाज़ आई, मृत्यु हुई, पुलिस पहुंची. आणि मराठी 'खाली' हिंदीत नेऊ नका. "चाकू खाली गिरा" नाही, "नीचे गिरा".

'कल' आणि 'परसों' रिपोर्टमध्ये येऊच देऊ नका. हिंदीत कल म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, आणि कथन लिहिल्याची तारीख घटनेच्या तारखेहून वेगळी असली की गोंधळ ठरलेलाच. इंदुरी बोलण्यातलं 'अपन' हाही असाच सापळा. "अपन वहीं खड़े थे" म्हणणारा साक्षीदार एकटा उभा होता की चौघांसह? ते त्याला तिथेच विचारा आणि सोबत असलेल्यांची नावं लिहा. त्यातले एक-दोघे प्रत्यक्षदर्शी असू शकतात, आणि त्यांची कथनं का घेतली नाहीत हा प्रश्न नंतर तुम्हालाच विचारला जाईल.

लिहिणाऱ्याला कसं कळलं, हा चौथा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तर्काने काढलेलं एकाच वाक्यात मिसळू नका. "आरोपी नशे में था" हा निष्कर्ष झाला. तोंडाला दारूचा वास येत होता, चालताना तोल जात होता, बोलणं अडखळत होतं, हे तुम्ही पाहिलं आणि ऐकलं. तेवढं लिहा आणि वैद्यकीय तपासणीला पाठवा. "संदिग्ध हालत में मिला" ऐवजी तो काय करत होता ते लिहा: बंद दुकानाच्या शटरपाशी बसून कुलपाला हात लावत होता, गाडीचा उजेड पडताच उठून पळाला. वाचणाऱ्याला संशय आपोआप येतो. हाच नियम 'करीब'ला. साक्षीदाराने माणसं मोजली आणि पाच होती, तर "करीब पांच" लिहू नका. अंदाज असेल तिथेच 'करीब' वापरा, आणि अंदाज कशावरून केला तेही लिहा.

फिर्यादीची भाषा हा विषय स्वतंत्रपणे समजून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे तोंडी माहिती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्याची सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. वाचून दाखवणं हा उपचार नाही. "मय हमराह स्टाफ", "हस्ब ज़ैल", "मज़रूब" हे शब्द भाजीवाल्या फरियादीला कळत नाहीत, आणि कोर्टात "हे तुमचे शब्द आहेत का?" विचारल्यावर तो खरं सांगतो: नाहीत. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या पोलिसांना हेच बजावलं होतं, की एफआयआर तक्रारदाराच्या शब्दांत असावी, अवघड उर्दू-फारसी शब्द नुसत्या सवयीने घालू नयेत. फरियादी "मेरे को धक्का दिया" म्हणाला तर तेच राहू द्या. शुद्ध हिंदी तुमच्या स्वतःच्या निवेदनात हवी, त्याच्या तोंडी घालायला नको.

शिव्या आणि धमक्या तर नेमक्या शब्दांतच लिहायच्या. "अश्लील गालियां दीं और जान से मारने की धमकी दी" हे वाक्य इतकं घासलं गेलंय की त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कोणते शब्द, कोणाला उद्देशून, तिथे ऐकायला कोण होतं? लिहायला संकोच वाटतो, हे समजू शकतं. पण शब्द अश्लील होता की नाही हे न्यायाधीशांनी ठरवायचं असतं, आणि तो शब्दच कागदावर नसेल तर ते काय ठरवणार?

साक्षीदारांची कथनं त्याच संहितेच्या कलम 180 खाली. प्रत्येकाची वेगळी आणि खरी नोंद करा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तरी पहिलं कथन टाइप करून पुढच्या चौघांची फक्त नावं बदलण्याची पद्धत सर्रास दिसते. पाच जणांच्या कथनांत एकाच ठिकाणी एकच टंकनचूक सापडली की वकिलाला आणखी काही लागत नाही. कथनावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, ते कलम 181 मध्ये आहे. त्याच कलमाचं स्पष्टीकरण दरमहा एकदा वाचावं असं आहे: महत्त्वाची गोष्ट कथनात नसणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते. कोर्टात ते असं उलगडतं. साक्षीदार म्हणतो, काठी अमक्याने डोक्यात मारली. कथनात मारणाऱ्याचं नाव नाही. तुम्हाला विचारतात, "साक्षीदाराने हे सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं ना?" तुम्ही "हो" म्हणता. इथे नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून कथन संपवण्याआधी एवढं तपासा: कोणाच्या हातात काय होतं, कोणी कोणाला शरीरावर कुठे मारलं, डावं की उजवं, साक्षीदार किती अंतरावर होता, उजेड कशाचा होता.

उजेडावरून जागा आणि वेळ. "सराफा में घटना हुई" एवढ्याने काही कळत नाही. इंदूरचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, दुकानं बंद झाल्यावर त्याच रस्त्यावर खाण्याची दुकानं लागतात. दुपारी चारला आणि रात्री अकराला तिथली गर्दी वेगळी, उभी असलेली माणसं वेगळी, उजेड वेगळा. रात्रीची घटना असेल तर कुठल्या दुकानाच्या शटरसमोर, कुठल्या ठेल्याच्या दिव्याखाली, आणि त्या दिव्यापासून किती फुटांवर, हे लिहा. ठेला उद्या दुसरीकडे लागेल, म्हणून मौक्याच्या (घटनास्थळाच्या) नकाशात अंतर नेहमी न हलणाऱ्या वस्तूपासून मोजा: विजेचा खांब, देवळाची पायरी, गल्लीचा कोपरा. उत्तर दिशा दाखवा. पावलांनी मोजलं असेल तर तसंच लिहा. टेप लावल्याशिवाय मीटर लिहू नका.

वेळ 24 तासांच्या पद्धतीने. मध्यरात्रीनंतर 00:20 झाले की तारीख बदलते, हे थकलेल्या हाताला लक्षात राहत नाही. तारीख कळत नसलेल्या चोरीला "14 और 15 तारीख की दरमियानी रात" हे वळण चांगलं आहे, पण त्यासोबत फरियादीने कुलूप लावल्याची आणि कुलूप तुटलेलं पाहिल्याची वेळही द्या. एफआयआरच्या नमुन्यात उशिराच्या कारणाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवू नका. "आधी जखमीला रुग्णालयात नेलं, भरती झाल्यावर ठाण्यात आलो" हे एक ओळीचं कारण वेळेसह त्याच दिवशी लिहिलं तर पुरतं. वर्षभराने साक्षीत प्रथमच सांगितलं तर ते रचलेलं वाटतं.

सगळ्या कागदांच्या वेळा एकमेकींशी जुळवून बघा. रोजनामच्यातली रवानगी, मौक्यावर पोहोचणं, जप्ती, अटक, वापसी, गुन्हा नोंद. महाराष्ट्रात जिला स्टेशन डायरी म्हणतात तो आपला रोजनामचा सान्हा. त्याचा क्रमांक प्रत्येक कागदावर हवा. मौक्यावर 18:30 ला जप्ती केली आणि गुन्हा 20:15 ला नोंदला गेला, तर जप्ती पत्रकावर अपराध क्रमांक आला कुठून? कागद ठाण्यात बसून नंतर केला, असा अर्थ काढायला ही एक ओळ पुरेशी असते. मौक्यावर क्रमांकाची जागा मोकळी सोडा. नंतर भरलात तर कधी भरला ते बाजूला लिहून सही करा. देहाती नालिशी (मौक्यावरच लिहून घेतलेली फिर्याद) शून्य क्रमांकावर घेतली असेल तर तसं म्हणा, असल कायमीची, म्हणजे ठाण्यात गुन्हा नोंदल्याची, वेळ वेगळी येऊ द्या.

जप्ती पत्रकात दिसेल ते लिहायचं, समजेल ते नाही. सोन्याची साखळी सराफाने तपासेपर्यंत "पिवळ्या धातूची साखळी". लांबी, कडी शाबूत की तुटलेली, वजन आणि वजन कुठल्या काट्यावर केलं. मोबाइल असेल तर कंपनी, मॉडेल, रंग, स्क्रीनला तडा आहे का, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. फोन सुरू असेल तर *#06# दाबल्यावर क्रमांक दिसतो, आणि दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. गाडीचा नोंदणी क्रमांक पाटी बदलून बदलता येतो, म्हणून इंजिन आणि चेसिस क्रमांक स्वतः वाचून उतरवा. चेसिस क्रमांकात साधारणपणे सतरा अक्षरं-अंक असतात, मोजून घ्या. चाकूची पात्याची लांबी, पात्याची रुंदी आणि मुठीची लांबी वेगवेगळी मोजा, कारण शस्त्र कायद्याला पातं किती लांब-रुंद हे लागतं. शक्य असेल तर कागदावर पातं ठेवून पेन्सिलीने आकार काढा.

हिशेब कागदावरच दाखवा. दारूच्या प्रकरणात "छह पेटी शराब" लिहून चालत नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियमाच्या कलम 34(2) ला पन्नास बल्क लिटरची (दारूच्या एकूण मापाची) रेषा आहे. क्वार्टर (छोटी बाटली) 180 मिलीचा, पेटीत 48, म्हणजे एका पेटीत 8.64 लिटर. पाच पेट्या झाल्या 43.2 लिटर, सहा झाल्या 51.84. एका पेटीने कलम बदलतं आणि जामीन कठीण होतो. म्हणून प्रत्येक पेटी उघडून क्वार्टर मोजले, सील शाबूत होती, नमुना कितव्या पेटीतून काढला, हे सगळं यायला हवं. पेटी न उघडता केलेला गुणाकार उलटतपासणीत टिकत नाही.

झडती-जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करायचंच आहे, यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. त्यामुळे कागद आणि चित्रफीत शेजारी ठेवून तपासली जाणार. पत्रकात दोन पंच आणि चित्रफितीत एकच, पत्रकात उजवा खिसा आणि चित्रफितीत डावा, असं झालं तर कागदच खोटा ठरतो. लिहिताना चित्रफीत एकदा बघून घ्या.

सीसीटीव्हीबाबत एकच सांगते, पण ते कधीही चुकवू नका: डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक जप्तीच्या वेळी नोंदवा. "डीव्हीआर का समय सही समय से 17 मिनट आगे था" ही ओळ नसेल तर आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हे सिद्ध करणं बचावाला सोपं जातं. कॅमेरा कुठे लावला आहे आणि कुठल्या दिशेला बघतो तेही लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदलली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासह) सोबत लावा.

जखमांबद्दल डॉक्टरांची भाषा उसनी घेऊ नका. एक्स-रे येण्याआधी 'फ्रॅक्चर' नाही. "डाव्या मनगटाला सूज, हात हलवता येत नाही". जखम धारदार शस्त्राची आहे की बोथट वस्तूची, हे मत डॉक्टरांचं. तुम्ही जागा, लांबी, रक्त वाहत होतं का, एवढं लिहा. तुमच्या तहरीरमध्ये (डॉक्टरांना दिलेल्या पत्रात) उजवा हात आणि एमएलसीमध्ये (डॉक्टरांच्या जखम-अहवालात) डावा, ही चूक फार दिसते. तिचं कारणही साधं आहे: समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. जखमीलाच विचारा आणि लिहून झाल्यावर त्याला हात वर करायला सांगा.

आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढायची असेल तेव्हा मेमोरेंडमची (त्याने सांगितलेलं लिहून घेतलेल्या कागदाची) वेळ जप्तीच्या आधीची हवी आणि जागा नेमकी: "घर में छुपाया" नाही, "मागच्या खोलीत, लोखंडी पेटीच्या खाली". कबुलीचा भाग पुराव्यात येत नाही, शोधापुरतंच वापरता येतं. म्हणून त्याच्या गुन्ह्याची कहाणी पानभर लिहिण्यापेक्षा ही एक ओळ अचूक लिहिण्यात वेळ घालवा.

केस डायरी रोजची रोज. माहिती किती वाजता आली, काम कधी सुरू केलं, कधी थांबवलं, कुठे गेलात. आठ दिवसांची डायरी एका रात्रीत लिहिली तर भाषाच सांगते, कारण सगळ्या दिवशी वाक्यं सारखीच पडतात.

आणि चूक झालीच तर. हाताने लिहिलेल्या कागदावर एक सरळ रेघ मारा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द, बाजूला लघुस्वाक्षरी आणि तारीख. पंचांसमोर केलेल्या कागदात पंचांचीही लघुस्वाक्षरी घ्या. व्हाइटनर कधीच नाही. कार्बन प्रत आधीच आरोपीला किंवा मालकाला दिली असेल तर मूळ प्रतीत एकट्याने काही बदलू नका. दोन प्रती जुळल्या नाहीत तर कागद नंतर फिरवला असं ठरतं. सीसीटीएनएसमध्ये (पोलिसांच्या संगणक प्रणालीत) एफआयआर एकदा नोंदली की तिचा मजकूर तसाच राहतो. फरियादीने नाव चुकीचं सांगितलं असेल, गाडीचा एक अंक चुकला असेल, तर त्याच दिवशी त्याचं पूरक कथन घ्या, चूक काय आणि कशी लक्षात आली ते रोजनामच्यात लिहा, आणि त्या सान्ह्याचा क्रमांक केस डायरीत उतरवा.